मधली सत्तावीस मिनिटं

१

मिनिटकाकांचं काम ऐकलं की लोक हसायचे. दोन शहरांमधलं विमानाचं अंतर किती आणि ते कापायला वेळ किती लागतो, एवढं ठरवायला पगार देऊन माणूस ठेवतात? अंतर भागिले वेग, संपला विषय. काका वाद घालत नसत. एकदा भाच्याच्या लग्नात कुणीतरी फारच डिवचलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मग तुम्ही घरून निघून इथे पोचेपर्यंत अंतर भागिले वेग एवढाच वेळ लागला का?" तो गृहस्थ दीड तास उशिरा आला होता. त्यानंतर त्या घरात काकांना कुणी छेडलं नाही.

विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात ते सव्वीस वर्षं होते. ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. फ्लाइट विमानतळाच्या दारापासून, म्हणजे गेटपासून, सुटली की दुसऱ्या शहरात दाराला लागेपर्यंत किती वेळ छापायचा, हे काका ठरवत. हवेतला वेळ, धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावर दारापर्यंत रांगत जाणं, सगळं धरून जो आकडा येई त्यावर ते थोडी जास्तीची मिनिटं घालत. या मिनिटांना ऑफिसात 'गादी' म्हणत. गादी असली की फ्लाइट थोडी रखडली तरी कागदावर वेळेवरच पोचते, प्रवासी खूश आणि साहेबही खूश. आणखी एक रीत होती. वेळापत्रकात शेवटचा आकडा नेहमी शून्य किंवा पाच. अकरा तास अडतीस मिनिटं असं कुणी छापत नाही, अकरा चाळीस छापतात.

रोज सकाळी नऊला काका आदल्या दिवसाचे अहवाल बघत. विमान स्वतःच इथल्या घड्याळाप्रमाणे चार वेळा नोंदवून पाठवतं: निघाली, उडाली, टेकली, लागली. कुणी हातानं लिहीत नाही, त्यामुळे कुणाला खोटं बोलता येत नाही. काकांना जगातलं हेच एक प्रामाणिक बोलणं वाटायचं.

त्या मंगळवारी चारशे सातच्या अहवालात चारऐवजी सहा वेळा होत्या.

निघाली २:००. उडाली २:१८. टेकली ८:१०. उडाली ८:३७. टेकली १३:५४. लागली १४:०५.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चारशे सात म्हणजे दूरच्या त्या शहरातून रोज इकडे येणारी फ्लाइट. नऊ हजार सातशे किलोमीटर, मध्ये कुठे थांबा नाही. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी तिच्याखाली समुद्राशिवाय काही नसतं.

२

"सेन्सर गेलाय," देखभाल विभागातला मेकॅनिक फोनवर म्हणाला. "चाकांवर भार आला की तो 'टेकली' म्हणतो. ओल शिरली असेल, उगाच बडबडतोय. आज त्या मार्गावर दुसरं विमान आहे. बघा, गप्प बसतं की नाही."

दुसरं विमानही बोललं. टेकली ८:१०, उडाली ८:३७.

तिसऱ्या दिवशी तिसरं विमान होतं, त्याचंही तेच. मेकॅनिकनं हात वर केले. तीन विमानांना एकाच जागी ओल लागते, यावर त्याचाही विश्वास बसेना.

काकांनी जुने अहवाल काढले. रोजच्या यादीत सोयीसाठी फक्त पहिली आणि शेवटची वेळ दिसे. परवा कुणीतरी ती सोय बंद केली होती, म्हणून सगळ्या सहा दिसल्या. म्हणजे ही भानगड नवी नव्हती. गेल्या वर्षी चारशे सातला दहा मिनिटांची गादी होती, तेव्हा मधला मुक्काम बारा मिनिटांचा होता. या वर्षी काकांनी गादी पंचवीसवर नेली होती आणि मुक्काम सत्तावीसचा झाला होता. वरची दोन मिनिटं यंत्राची चूक असणार, असं म्हणून त्यांनी सोडून दिली.

मग ते इंधनाच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंकडे गेले. ताई कामाला चोख, पण बोलायला फटकळ.

"तुमची चारशे सात अकरा तास नऊ मिनिटांचं तेल पिते," त्यांनी कागद पुढे सरकवला. "हवेतला वेळ तेवढाच. तुमच्या त्या सत्तावीस मिनिटांत तेल शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिनं बंद. दुसरं काय होणार?" ताईंनी वर बघितलं. "काका, तुमचा चेहरा का उतरलाय?"

काकांच्या मनात पाल चुकचुकली होती. गादीची मिनिटं वापरली गेली नाहीत, तर फ्लाइट लवकर पोचायला हवी. चारशे सात गेल्या दोन वर्षांत एकदाही लवकर पोचली नव्हती. ठरल्या मिनिटाला दाराला लागायची. वक्तशीरपणाची ढाल त्यांच्या विभागाला मिळाली होती ती याच फ्लाइटमुळे, आणि ढालीच्या फोटोत मधोमध काका उभे होते.

३

त्यांची मुलगी त्या दूरच्या शहरात एका दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. बायको गेली त्याला चार वर्षं झाली होती. मुलगी एकदाच येऊन गेली, त्यालाही तीन वर्षं झाली. काकांना तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि हे ते कुणाजवळ बोलत नसत. नऊ हजार सातशे किलोमीटर हा आकडा ते दिवसातून चारदा बघत, दर वेळी त्यांना तीच आठवे. आता ती बारा तारखेला येणार होती, चारशे सातनं, दहा दिवसांसाठी.

"बाबा, तू पुन्हा शंभर सूचना देऊ नकोस," ती फोनवर म्हणाली. "स्वेटर घेतलाय. निळा, आईनं विणलेला. गोळ्या घेतल्यात. पासपोर्टही घेतलाय, नाहीतर तू तेही विचारशील."

"ठमे, ती फ्लाइट बदलता आली तर बघ."

"का? तुझ्याच कंपनीची आहे."

"म्हणूनच सांगतो," काका म्हणाले. ती खळखळून हसली. काकांना हसू आलं नाही.

"बरी असते की ती. आमच्या घरमालकिणीची बहीण गेल्या महिन्यात तिनंच तिकडे गेली. म्हणाली, मध्ये थांबते ते फार बरं, पाय मोकळे करता येतात."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मध्ये थांबत नाही ती."

"अरे, बाई उतरून आली ना. मोठा हॉल आहे म्हणाली. मात्र तिला ते ठिकाण काही आवडलं नव्हतं. तिकडे पोचल्यापासून ती बहीण घरात कुणाशी फारशी बोलत नाही, म्हणत होत्या मालकीणबाई. वय झालं, दुसरं काय. बाबा, आहेस ना?"

"आहे," काका म्हणाले. तिला खरं कारण काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. यंत्राच्या सहा आकड्यांवरून मुलीला घाबरवणारा बाप वेडा ठरला असता, आणि तो वेडा नाही याची त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. बाकीच्या फ्लाइट महिनाभर भरलेल्या होत्या. तिची रजा तेवढीच होती.

४

विमानातल्या सेविकांची खोली तळमजल्यावर होती. ओळीनं कपाटं, दोन आरसे, इस्त्रीचा वास. चारशे सातवर नेहमी जाणाऱ्या पथकाच्या प्रमुखबाई एका बाकावर बसून टाचेला चिकटपट्टी लावत होत्या. दुपारचे साडेतीन वाजले होते, त्या नुकत्याच उतरल्या होत्या.

"तुम्ही मिनिटवाले ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात. तो मधला थांबा जरा कमी करा की."

काका समोरच्या बाकावर बसले. "कुठला थांबा?"

"घ्या. तुम्हीच ठेवलाय आणि मलाच विचारताय. वेळापत्रकात वेळ ठेवल्याशिवाय विमान थांबेल का?"

"आणि वैमानिक काय म्हणतात?"

"त्यांना विचारलं तर म्हणतात, कधी थांबलो? दोघंही तेच म्हणतात. मी विचारायचं सोडून दिलं." त्यांनी चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली. "मी माझं काम करते. चाकं टेकली की विमान थांबतं. थांबलं की घंटी वाजते, आणि घंटी वाजली की मी दार उघडते. एकोणीस वर्षं हात आपोआप जातो. पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलं, आलोच की आपण."

"बाहेर काय असतं?"

"हॉल. असतो तसाच. खुर्च्यांच्या रांगा, दिवे. माणसं बसलेली असतात मांडीवर बॅग घेऊन, ताठ. खूप माणसं आहेत, मागची रांग दिसत नाही. दार उघडलं की सगळी एकदम माना वर करतात." त्या खाली वाकून बूट घालू लागल्या. "आपलं कुणीतरी न्यायला येणार असलं की माणूस बसतो ना, तशी. आपले काही प्रवासी उतरतात, फिरतात, परत चढतात."

"तेच चढतात?"

प्रमुखबाईंचा हात बुटावर थांबला. मग त्यांनी खिशातून डोकी मोजायचं बटणाचं यंत्र काढून दाखवलं. "दोनशे अठ्ठ्याऐंशी निघाले की दोनशे अठ्ठ्याऐंशी पोचवायचे. माझा आकडा दर वेळी जुळतो, काका. चेहरे मोजायची पद्धत नाही आमच्यात."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आरशात न बघताच बाहेर गेल्या.

५

काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. बाईंना थकव्यानं भास होत असतील. घरमालकिणीची बहीण म्हातारी आहे. सेन्सर ओला आहे. एकेका गोष्टीला कारण सापडत होतं, पण सगळ्या मिळून एक कारण सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःशी एक साधा हिशेब केला. हा थांबा त्यांच्या गादीवर उभा आहे. दिली तेवढीच मिनिटं तिथे खर्च होतात. मिनिटं दिलीच नाहीत, तर थांबायला जागा कुठे उरते?

ते साहेबांकडे गेले आणि चारशे सातची पंचवीस मिनिटं काढायची म्हणाले, बारा तारखेपासून.

"काका, बरे आहात ना?" साहेबांनी ढालीकडे बोट दाखवलं. "एका वाऱ्यानं ती फ्लाइट उशिरा लागेल. सगळ्या पाट्यांवर लाल अक्षरं झळकतील."

"झळकू देत."

सव्वीस वर्षांत काकांनी साहेबांना असं उत्तर दिलं नव्हतं. साहेबांनी सही केली.

टेबलावर येऊन काकांनी नवा वेळ मांडला. रांग अठरा मिनिटं, हवेत अकरा तास नऊ, उतरल्यावर अकरा मिनिटं. अकरा तास अडतीस. हात आपोआप गेला आणि त्यांनी छापील रकान्यात लिहिलं, अकरा चाळीस. चारशे सात, निघणार दोन वाजता, लागणार तेरा चाळीसला. फॉर्म गेला. त्या दिवशी त्यांना जरा भूक लागली.

बारा तारखेला सकाळी आठला ते पडद्यासमोर बसले होते. ताईही येऊन मागे उभ्या राहिल्या. चारशे सातच्या पुढे उडाली २:१८ एवढंच होतं. आठ वाजून नऊ मिनिटं झाली. मग आठ दहा झाले आणि पडद्यावर ओळ उमटली.

टेकली ८:१०.

मिनिट गेलं, दुसरं गेलं.

उडाली ८:१२.

"दोन मिनिटं कुठून आली?" ताईंनी विचारलं.

काका अडतीस आणि चाळीस या दोन आकड्यांकडे बघत बसले. गेल्या वर्षीची वरची दोन, या वर्षीची वरची दोन, त्यांनी यंत्राच्या माथी मारलेली. ती यंत्राची नव्हती. ती छापायच्या रीतीची होती, त्यांच्याच हातची. तिथे दार उघडायला दोन मिनिटं पुरतात, हे त्यांना आता कळलं, आणि परत चढायला पुरत नाहीत, हेही.

६

दीड वाजताच ते विमानतळावरच्या आगमनाच्या हॉलमध्ये कठड्याला रेलून उभे राहिले. फ्लाइट तेरा चाळीसला लागली, मिनिटाचाही फरक नाही. प्रवासी बाहेर येऊ लागले. काहींना न्यायला माणसं आली होती, तरी ते चटकन त्यांच्याकडे जात नव्हते. दारात थांबत, कठड्यावरचा एकेक चेहरा बघत, मग कुणीतरी हाक मारली की तिकडे वळत.

ती दिसली तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेच नाक, तेच केस कानामागे सारणं. "ठमे," त्यांनी हाक मारली. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, हाक दुसऱ्या कुणाला तर नाही ना असं. मग ती हसली आणि भराभर चालत आली.

"तुम्ही मला न्यायला आलात," ती म्हणाली.

ती नेहमी 'तू' म्हणायची. तीन वर्षं झाली, माणूस बदलतो, असं काकांनी मनाशी म्हटलं. तिच्या अंगावर स्वेटर नव्हता.

"मध्ये थांबली होती का गं फ्लाइट?"

"थांबली की. फार घाई झाली. पुढचे काही जण उतरले आणि लगेच दार मिटायला लागलं. सगळ्यांना नाही चढता आलं."

"पण तू उतरली नव्हतीस ना?"

"मी चढले," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन सगळी पिऊन टाकली.

मागून प्रमुखबाई चाकं असलेली बॅग ओढत गेल्या. काकांकडे न बघता त्या पुटपुटल्या, "आकडा जुळला."

७

घरात सगळं ठीक होतं. नको तितकं ठीक होतं. पूर्वी दोघांचं पहिल्याच दिवशी वाजायचं. कपाट आवरत नाहीस, औषध घेत नाहीस, आईच्या वस्तू अजून का ठेवल्यास. आता ती कशावरून बोलत नव्हती. काका सांगतील ते जेवायची, सांगतील तेव्हा झोपायची. मांडीवर बॅग घेऊन दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसायची आणि जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करायची. आईच्या फोटोकडे तिनं एकदाही बघितलं नाही. काकांनी मुद्दाम विचारलं, "आई आठवते का?" तर म्हणाली, "तुम्ही सांगा ना, मला ऐकायला आवडेल."

तिसऱ्या दिवशी प्रमुखबाईंचा फोन आला. मागे इस्त्रीचा फसफस आवाज येत होता.

"तुम्हाला सांगू की नको, कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "परवा दार उघडलं तर एक मुलगी खुर्च्यांमधून धावत येत होती. त्या दिवशी तुम्ही घरी नेलीत ना, अगदी तोच चेहरा. निळा स्वेटर. ओरडत होती, पण आतपर्यंत ऐकू नाही आलं. दोन मिनिटं झाली, घंटी वाजली. माझा हात गेला हो दाराकडे. सवय."

काकांनी दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं.

"पुढचे दोन दिवस दुसरी पथकं होती, त्यांनी सांगितलं. काल धावली, पण निम्म्यातच थांबली. आज नुसती उभी होती." बाईंचा आवाज बारीक झाला. "ती अजून बसलेली नाही, काका. एकदा बसली की मला नाही वाटत... तुम्ही काही करणार असाल तर लवकर करा."

उद्याच्या फ्लाइटसाठी बदल आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवता येतो. पावणेपाच झाले होते. काकांनी ऑफिसचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला, फॉर्म काढला आणि चारशे सातच्या रकान्यात बारा तास पाच मिनिटं लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, यात दहा मिनिटं गेली. शेवटी लिहिलं, वारा. सत्तावीस मिनिटांत कितीही लांबून माणूस दारापर्यंत येऊ शकतो. आणि आकडा जुळायलाच हवा, म्हणजे जी इकडे आली तिला... काकांनी तो विचार पुरा केला नाही. ते पाठवायच्या बटणावर बोट ठेवणार, एवढ्यात खांद्यावर हात पडला. तो हात गरम होता, मुलीचा असतो तसा.

ती कधी खुर्चीतून उठली ते त्यांना कळलं नव्हतं. मिनिटांबद्दल त्यांनी घरात एक अवाक्षर काढलं नव्हतं.

"नका ना घालू परत ती मिनिटं," ती म्हणाली. तिच्या आवाजात धमकी नव्हती, त्यामुळेच काकांच्या अंगावर काटा आला. "मी फार दिवस बसले होते हो तिथे. किती ते मलाही माहीत नाही. सगळ्यांचं कुणी ना कुणी येणार असतं म्हणतात. माझं कुणी आलं नाही. त्या दिवशी तुम्ही कठड्यापाशी उभे होतात आणि हाक मारलीत."

"माझी मुलगी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"मी आहे ना," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. त्यांची मुलगी लहानपणी रडायची अगदी तसं, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून.

काकांनी बटणावर बोट ठेवलं. डोळ्यांपुढे निळा स्वेटर उभा होता, तो त्यांच्या बायकोनं एका हिवाळ्यात विणलेला होता. आणि बाजूला ही हुंदके देत होती, त्यांची बाही घट्ट धरून. बापाची बाही कुणी अशी धरून तीन वर्षं झाली होती. तिला परत त्या खुर्चीत बसवायचं तर ते त्यांनाच करावं लागणार होतं, स्वतःच्या हातानं, एका बटणानं. काकांनी बोट दाबायचा प्रयत्न केला. खरोखर केला.

पाच वाजले आणि फॉर्म आपोआप बंद झाला.

"रडू नको," काका म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. उद्याही पाच वाजेपर्यंत वेळ आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. उद्या नक्की.